शिमलाची दहावी गोळी

मुलांनो, जरा डोळे मिटा. समोर एक जुनी दगडाची खाण आणा. तिन्ही बाजूंनी उभे कातळ, तळाला पिवळा मुरूम, आणि पलीकडच्या टोकाला मातीचा उंच बांध. बांधासमोर कागदाची लक्ष्यं लावलेली आहेत. अलीकडे सतरंजीवर नववीतली एक मुलगी पालथी पडली आहे. तिच्या खांद्याला रायफल आहे, गाल लाकडाला टेकलाय, एक डोळा बारीक झालाय. ऊन अजून कोवळं आहे. आता कान द्या. नऊ वेळा फुटाणा फुटल्यासारखा आवाज येतो. दहाव्या वेळी चाप ओढला जातो, आणि ओल्या फडक्यावर कुणी टिचकी मारावी तसा, जेमतेम ऐकू येईल असा आवाज होतो.

तो आवाज मी ऐकला. मी तिच्या मागे चार हातांवर बसले होते. मुलीने लगेच चापावरचं बोट काढलं आणि डावा हात वर केला. शिकवलं होतं तसंच.

त्या मुलीचं नाव शिमला काळे. फासेपारध्यांची पोर. तिचे वडील रानात तितर धरायचे, वस्ती आज या माळावर तर उद्या त्या. तिच्या जन्माच्या वेळी कुणीतरी त्यांना शिमल्याचं कॅलेंडर दिलं होतं, त्यावरून नाव पडलं. आमच्या मुलींच्या सैनिकी शाळेत ती पाचवीपासून वसतिगृहात होती. मी विज्ञान शिकवायचे आणि नेमबाजीच्या पथकाबरोबर असायचे. मुली मला साबणेबाई म्हणत.

रायफल शाळेची नव्हती. ती गावच्या नेमबाजी मंडळाच्या अध्यक्षांची, रावसाहेब इंगवल्यांची होती. एक गोळी उडाली की दुसरी आपोआप नळीशी येऊन बसणारी, परवान्याची, मोठ्या काडतुसाची. ती काडतुसं महाग, आणि मिळायचीही मोजकीच. म्हणून मंडळाने एक जोडसंच आणला होता. रायफलीचा मोठा खटका, म्हणजे गोळीमागचा मागेपुढे सरकणारा लोखंडी भाग, काढायचा, त्या जागी छोटा बसवायचा, मॅगझिनही छोटं लावायचं. नळी मात्र तीच. एवढं केलं की त्याच रायफलीतून बावीस नंबरची बारकी, स्वस्त गोळी उडे. पोरींना सरावाला तेवढी पुरत होती. वर्षातून एकदा, दसऱ्याला, संच काढून ठेवायचा आणि रावसाहेबांनी सीमोल्लंघनाची एक मोठी गोळी बांधात झाडायची, असा रिवाज होता.

ती सकाळ खंडेनवमीची होती. पुण्याच्या स्पर्धेला जायचं पथक त्या दिवशी ठरायचं होतं. शिमलाला दहापैकी दहा काळ्या गोलात हवे होते.

"बाई, गोळी बाहेर नाही पडली," ती पडल्या पडल्याच म्हणाली.

मी काही बोलायच्या आत रावसाहेब पुढे आले. ते पूजेसाठी रायफल न्यायला मोटार घेऊन आले होते, आणि घरी भटजी खोळंबले होते. त्यांनी तिच्या हातातून रायफल घेतली, छोटा खटका मागे ओढला. आपोआप बाहेर उडायला हवी होती ती काडतुसाची पुंगळी तेव्हा कुठे खाली पडली. त्यांनी ती उचलून शिमलाच्या नाकासमोर धरली.

"ही काय? रिकामी आहे ना? मग गोळी गेली."

"पुंगळी रिकामी झाली, साहेब. पण गोळी..."

"तू मला शिकव आता."

त्यांनी संच काढून डब्यात टाकला, मोठा खटका बसवला, आणि ड्रायव्हरने रायफल लाल कापडात गुंडाळली. आता हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्या कापडावर आहे. खंडेनवमीला शस्त्र एकदा पूजेच्या कापडात गेलं, की सीमोल्लंघनापर्यंत ते उघडायचं नाही, पुसायचं नाही, कामाला लावायचं नाही. इंगवल्यांच्या घरात हे फार कडक होतं.

तेवढ्यात लक्ष्यांजवळच्या खड्ड्यातून आमचे उस्ताद वर आले. ढोणे उस्ताद, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पोरी गोळ्या झाडत असताना ते खड्ड्यात बसून लक्ष्यं खालीवर करत. त्यांनी शिमलाचा कागद आणला. नऊ भोकं.

"एक गेली रानात," ते म्हणाले. "तितर मारलंस वाटतं."

मागच्या पोरी हसल्या. उस्तादांना शिमला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होती. त्यांच्या गावात कधीकाळी दरोडा पडला होता, पोलिसांनी पारध्यांची वस्तीच्या वस्ती उचलून नेली होती, आणि उस्तादांच्या मनात तो खटला तेव्हाच निकाली निघाला होता. पारध्याच्या हातात बंदूक, आणि तीही आपणच द्यायची, असं ते माझ्यासमोर, तिला ऐकू जाईल असं बोलत. पण एक सांगायला हवं. शिकवताना त्यांनी तिला काही कमी शिकवलं नाही. तिचा कोपर चुकला तर इतरांच्या दुप्पट ओरडत, आणि तो बरोबर येईपर्यंत सोडत नसत.

मी त्यांना आवाजाचं सांगितलं. बारकं काडतूस सर्दावलं असेल, गोळी नळीत अडकली असेल, तर उद्या तिच्यामागे मोठं काडतूस उडालं की नळी फाटेल. उस्तादांनी शिमलाकडे पाहिलं.

"आवाज कसा होता?"

"ओल्या चिंधीसारखा, उस्ताद. आणि खांद्याला काही लागलंच नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते मोटारीकडे गेले. "साहेब, नळीत गज एकदा आरपार घालून..."

"ढोणे, मुहूर्त टळतोय. कापड सोडू का आता? हिच्यासाठी?"

उस्ताद उभे राहिले. लाल कापडाकडे बघितलं, रावसाहेबांकडे बघितलं. मग वळले आणि सगळा राग तिच्यावर काढला. नेम चुकला की नळीला दोष द्यायचा, हे त्यांनी आजवर शंभर जणांकडून ऐकलंय म्हणाले. पथकातलं तिचं नाव खोडलं.

मी गप्प बसले नाही. संध्याकाळी रावसाहेबांच्या बंगल्यावर गेले. ते व्हरांड्यात झोपाळ्यावर बसले होते, उस्ताद खाली पायरीशी. आतल्या खोलीत पाटावर लाल कापडातली रायफल मांडलेली दारातून दिसत होती, कापडाबाहेर आलेल्या नळीवर कुंकवाची बोटं, वर झेंडूची माळ. मला बसा म्हणाले नाहीत.

मी शांतपणे सगळं पुन्हा सांगितलं. पूजा मोडायची नाही, उद्या खाणीत गेल्यावर झाडण्याआधी फक्त गज घालून बघा, एवढंच मागितलं. रावसाहेब झोपाळा थांबवून ऐकत राहिले. ते म्हणाले, पाटावरून उचललेलं शस्त्र थेट खांद्याला लावायचं, हे त्यांच्या आजोबांपासून चाललंय. पूजेतल्या नळीत गज खुपसायचा, तोही गावासमोर, हे कुणी ऐकलंय का? आणि कशासाठी, तर एका पोरीला आपला नेम चुकला हे कबूल करवत नाही म्हणून.

"तुमच्या जिवाचं सांगतेय मी," मी म्हटलं.

"माझ्या जिवाची काळजी पारध्यांनी करायची वेळ अजून आलेली नाही, बाई. त्यांच्यापासून जीव सांभाळण्यातच आमच्या पिढ्या गेल्या." मग जरा थांबून म्हणाले, "उद्या ती पोरगी दोरीच्या आत दिसली नाही पाहिजे. पूजेतल्या शस्त्रावर तिची सावली नको."

उस्ताद मान खाली घालून पायरीवरचा मुरूम नखाने खरवडत होते. मी त्यांना विचारलं, तुमचं काय म्हणणं? ते म्हणाले, माझं म्हणणं साहेबांचं तेच. माझ्याकडे पाहिलं मात्र नाही.

परत आले तर शिमला वसतिगृहाच्या पायरीवर माझी वाट बघत होती. काय झालं ते माझ्या चालण्यावरूनच तिला कळलं असावं. मी तिला म्हटलं, उद्या तू येऊच नकोस. मी असेन तिथे. ते रायफल उचलतील तेव्हा मीच ओरडेन, मग काय व्हायचं ते होवो.

ती म्हणाली, "बाई, रायफल फुटली तर ते म्हणतील शिमलानं काहीतरी करून ठेवलं. शेवटी हात तिचाच लागला होता."

"आणि नाही फुटली तर?"

"तर मी खोटारडी." ती गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली. "म्हणजे काहीही झालं तरी मीच."

असलं काही मी शाळेत शिकले नव्हते, आणि शिकवलंही नव्हतं.

आता शिट्टीचं सांगते. खाणीत एक नियम होता, उस्तादांनीच घातलेला. लांब शिट्टी वाजली की सगळं थांबलं पाहिजे. ज्याच्या हातात रायफल असेल त्याचं बोट चापावरून बाहेर, नळी बांधाकडे, गोळी काढून टाकायची, आणि नळी तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. शिट्टी कुणी वाजवली हे नंतर विचारायचं. पाणी देणाऱ्या मावशींनी वाजवली तरी थांबायचं. फक्त उगाच वाजवली असं ठरलं, तर वाजवणाऱ्याला वर्षभर खाण बंद. हा नियम शिमला नवीन असतानाच शिकली होती, आणि चांगलीच शिकली होती. एकदा मैत्रिणीला हाक मारायला तिने दोन बोटं तोंडात घालून, वडील रानात घालत तशी शीळ घातली, आणि खाणीतल्या सगळ्या रायफली एकदम खाली टेकल्या. उस्तादांनी तिला उन्हात खाणीभोवती धावायला लावलं होतं. तोंडात बोटं परत दिसली तर मोडीन, असंही म्हणाले होते. पुन्हा चूक झाली असती तर ती सगळ्याच मोसमाला मुकली असती, आणि नेमबाजीशिवाय त्या शाळेत तिचं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं.

दसऱ्याला अख्खं गाव खाणीत लोटलं. दोऱ्या बांधल्या होत्या. दोरीच्या आत गालिचा, नेमका पोरींच्या सतरंजीच्या जागी. गालिच्यावर रावसाहेब, शेजारी उस्ताद कडक गणवेशात. मागे हलगीवाले आणि तुतारीवाला. लोकांच्या हातात आपट्याच्या डहाळ्या. मला शिक्षकांच्या रांगेत बसवलं होतं, आणि ती रांग बरोबर हलगीवाल्यांच्या पुढ्यात होती. शिमला कुठे दिसली नाही. माझं ऐकलं म्हणून मला बरं वाटलं.

पाटावरून रायफल आली. लाल कापड सुटलं. कुंकू लागलेली नळी उन्हात चमकली. उस्तादांनी एक मोठं काडतूस पुढे केलं, रावसाहेबांनी ते भरलं. मी उठून उभी राहिले आणि सगळा जीव गोळा करून ओरडले, "थांबा."

त्याच क्षणी तुतारी झाली आणि हलग्या कडाडल्या. माझा आवाज माझ्याच कानापर्यंत आला नाही. शेजारच्या गुरुजींनी माझा हात धरून मला खाली ओढलं, त्यांना वाटलं मला भोवळ आली. मी दोरीकडे धावू पाहत होते आणि समोर लोकांच्या पाठीच पाठी होत्या. त्या पाठींच्या मधून मला रावसाहेबांचा खांदा दिसला, त्याला टेकलेलं लाकूड दिसलं, आणि गाल दिसला.

आणि शिट्टी आली.

वरून आली. खाणीच्या कड्यावरून, जिथे बाभळीशेजारी पारधी वस्तीतली चार माणसं दुरून तमाशा बघत उभी होती. लांब, धारदार, हलग्यांच्या आवाजाला चिरत जाणारी. सगळ्या गावाने वर पाहिलं. उस्तादांनी मात्र वर पाहिलं नाही. शिट्टी कानावर पडली आणि त्यांचा हात निघाला. रावसाहेबांच्या बोटांखाली त्यांनी आपला अंगठा चापामागे घातला आणि दुसऱ्या हाताने नळी बांधाकडे दाबून धरली. हे त्यांनी ठरवून केलं नाही. वीस वर्षं पोरांना आणि पोरींना जे शिकवलं, ते त्यांच्या हाताने केलं.

"ढोणे, हात काढ," रावसाहेब म्हणाले. हलग्या एकेक करून बंद पडत होत्या.

"शिट्टी झाली, साहेब. गोळी काढा."

"कुणाची शिट्टी आहे ते दिसतंय ना तुला?"

"ते नंतर विचारायचं."

रावसाहेबांचा चेहरा कुंकवासारखा झाला होता. गावासमोर, पूजेतलं शस्त्र हातात असताना, आपल्याच माणसाने हात धरला होता. पण उस्तादांचा अंगठा निघेना. शेवटी काडतूस बाहेर आलं. शिमला कड्याच्या पायवाटेने घसरत, मुरूम उडवत खाली आली आणि दोरीपाशी थांबली. आत आली नाही. शाळेचाच गणवेश होता तिच्या अंगावर, केसांत झेंडूचं एक फूल. कुणीतरी तिला म्हणालं, चल हो बाजूला, सणाचा विचका केलास. कुणी त्याहून वाईट बोललं. ती दोरी धरून उभी राहिली.

उस्तादांनी गज मागवला. तोंडाकडून नळीत सोडला. पितळी गज सरकत गेला, आणि अर्ध्याच्या जरा पुढे जाऊन थांबला. टक. त्यांनी तो काढून पुन्हा सोडला. टक.

उस्तादांनी गजाला हळूहळू ठोके दिले, आणि मागच्या बाजूने त्यांच्या तळहातावर एक लहानसं, काळपट शिसं पडलं. वाटाण्याएवढं.

रावसाहेबांनी ते पाहिलं. मोठं काडतूस ज्या हातात होतं त्या आपल्या हाताकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी. पण ते म्हणाले, "तिला बरं माहीत, आत काय आहे ते. हिनेच कोंबली असेल."

गर्दीतून दोघातिघांनी हुंकार भरला. शिमलाच्या हातातली दोरी ताणली गेली. पायरीवर तिने जे मला सांगितलं होतं, ते अक्षर न अक्षर तिच्यासमोर उभं राहिलं होतं.

"नाही, साहेब," उस्ताद म्हणाले. ते तळहातावरच्या शिशाकडेच बघत होते. "नवमीला मी खड्ड्यात होतो. मी नऊच आवाज ऐकले. दहावा आलाच नाही."

"मग तेव्हा का बोलला नाहीस?"

एवढा वेळ कडक राहिलेली उस्तादांची मान जराशी खाली गेली, तेवढंच. मग ते दोरीकडे वळले आणि रोजच्याच खेकसण्याच्या आवाजात म्हणाले, "काळे. उगाच शिट्टी मारली तर काय?"

"वर्षभर खाण बंद, उस्ताद."

"आणि खरी मारली तर?"

ती थांबली. नियमात याचं काही लिहिलेलं नव्हतं. रावसाहेबांनी खिशात हात घातला आणि ड्रायव्हरला म्हणाले, पोरीला काहीतरी देऊन टाक आणि घालव. नोट पुढे आली. तिने नोटेकडे पाहिलंही नाही. ती उस्तादांकडे बघत होती.

"माझी दहावी गोळी राहिलीय, उस्ताद," ती म्हणाली. "न उडालेली परत मिळते."

उस्तादांनी संचाचा डबा मागवला. गावासमोर त्यांनी मोठा खटका काढला आणि छोटा बसवला. कुंकू त्यांच्या बोटांना लागलं. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी सोनं वाटलं नाही. लोकांच्या चेहऱ्यांवर मघाचाच राग होता, फक्त आता तो कुठे ठेवायचा ते त्यांना कळत नव्हतं.

शिमला वाकून दोरीखालून आत आली. तिच्या जागेवर गालिचा होता आणि गालिच्यावर रावसाहेब उभे होते. ती त्यांच्यासमोर गेली.

"साहेब," ती म्हणाली, "जरा सरका."

ते क्षणभर हलले नाहीत. मग एक पाऊल मागे झाले, मग आणखी एक, गालिच्याच्या बाहेर.

ती पालथी पडली. कोपर टेकवला, उस्तादांनी ओरडून ओरडून बसवला होता तसाच. उस्तादांनी रायफल तिच्या हातात दिली आणि एक बारकं काडतूस तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं नाही. आधी हात लांबवून गज मागितला, तोंडाकडून नळीत सोडला, आरपार गेलेला आपल्या डोळ्यांनी पाहिला, आणि मग काडतुसासाठी तळहात पुढे केला.